माझ्या वाटची प्रार्थना

माझ्या बापाची अब्रू सातवी ‘ब’च्या वर्गात वेशीवर टांगली गेली, आणि तीही आदराने. कोणी शिव्या देऊन टांगली असती तर मी डबा, कंपास, हाताला लागेल ते फेकून मारलं असतं. आदराने केलेल्या घाणीचं काय करायचं, हे तेराव्या वर्षी कोणाला कळतं?

तास धर्मपरिचयाचा होता. दर महिन्याला एक धर्म, मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर, शिकवणाऱ्या इतिहासाच्या बाई. त्या महिन्यात आमचा नंबर होता. आमचा म्हणजे ज्यूंचा. गावात ज्यूंचं घर एकच, आमचं, आणि त्या घरात माणसं दोन, बाबा आणि मी. आई आठ महिन्यांपूर्वी गेली होती.

बाबांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोच्या चौकटी. शाळेची फुटलेली प्रत्येक काच त्यांनीच बसवलेली, म्हणून बाईंची त्यांची ओळख. धड्याच्या पंधरा दिवस आधी बाई दुकानात आल्या, हातात पाठ्यपुस्तक.

“काचवाले, यात तुमच्या देवावर दोन पानं आहेत, आणि मला दोन्ही चुकीची वाटतात. मला पोरांना चुकीचं शिकवायचं नाही. सांगाल का?”

बाबा लांब टेबलावर काच आडवी टाकून उभे होते. त्यांनी कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवलं, पट्टी धरली आणि एका दमात रेघ ओढली. ती रेघ पुन्हा गिरवायची नसते, गिरवली की काच बिथरते. मग खालून एक टिचकी. टक्. काचेचे दोन तुकडे.

“बसा,” ते म्हणाले. त्या आठ महिन्यांत लोक दुकानात येऊन माप सोडून काहीच विचारत नव्हते. मेलेल्या बायकोचा विषय निघेल या भीतीने सगळे लांबी-रुंदी सांगून पळायचे. आणि इथे एक माणूस खुर्ची ओढून देवाबद्दल विचारत होता. बाबांचा चेहरा उजळला. मी पाहिलं. मला बाईंचे पाय धरावेसे वाटले. आज मला तेव्हाच्या त्या मुलीच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

बाई चार दुपारी आल्या. मी शाळेतून सुटून चहा करायचे आणि ऐकत बसायचे.

“देव एक आहे, एवढं आधी लिहा,” बाबा सांगत. “बाकीचं सगळं त्यातून निघतं.”

“आणि दिसतो कसा?”

“दिसत नाही. ज्याला कड असते ते दिसतं. त्याला कड नाही. म्हणून मूर्ती नाही, चित्र नाही.”

“म्हणजे काचेसारखा!” बाई खूश झाल्या.

“काच दिसत नाही असं ज्याला वाटतं, त्याने आयुष्यात काच पुसलेली नाही,” बाबा म्हणाले. “काचेला कड असते, बाई. ही बघा बोटं.”

मग नावाचं आलं. देवाला नाव आहे, पण आम्ही ते उच्चारत नाही, ते लिहिलेला कागद कचऱ्यात टाकत नाही. प्रार्थनेत ‘प्रभू’ म्हणतो, एरवी नुसतं ‘ते नाव’.

“मग कळतं कसं कोणाबद्दल चाललंय?”

“तुमची आजी आजोबांना नावाने हाक मारायची?”

“छे!”

“तरी आजोबा बरोबर वळून बघायचे ना?”

बाई खळखळून हसल्या. दुकानात आठ महिन्यांनी कोणीतरी हसलं होतं.

तिसऱ्या दुपारी कराराचं झालं. देवाचा आणि आमचा करार आहे. आम्ही त्याचे नियम पाळायचे, त्याने आम्हाला सोडायचं नाही. “करार दोन्ही बाजूंना बांधतो,” बाबा म्हणाले, “म्हणून आमच्यात देवाशी भांडता येतं. गुलामाला मालकाशी भांडता येत नाही. करार केलेल्याला येतं. आमच्या पहिल्या पूर्वजाने एका शहरासाठी देवाशी घासाघीस केली. पन्नास चांगली माणसं सापडली तर शहर वाचवशील का? पंचेचाळीस? तीस? असं करत करत दहावर आणलं.”

“भाजीवालीशी करतात तशी!”

“तश्शीच. आणि देव चिडला नाही. दरवेळी हो म्हणाला.”

चौथ्या दुपारी मी नव्हते. शाळेत धावण्याचा सराव होता. त्या दुपारी काय बोलणं झालं ते मला वर्गात कळलं, बाकीच्यांबरोबर.

पण त्याआधी सोमवार-गुरुवारचं सांगायला हवं, नाहीतर माझं काय गेलं ते कळणार नाही.

आमच्यात आई किंवा बाप गेला की मुलाने अकरा महिने एक प्रार्थना म्हणायची असते. तिला कद्दिश म्हणतात. ती एकट्याने, घरात, कोपऱ्यात म्हणता येत नाही. दहा प्रौढ पुरुष जमले पाहिजेत, मग दुःखातल्याने उभं राहून म्हणायची आणि बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं. तिने गेलेल्याच्या जिवाला वर चढायला बळ मिळतं अशी आमची समजूत. आईला मुलगा नव्हता. मी होते. म्हणजे ती प्रार्थना माझ्या वाटची होती. सात दिवसांचं दुःख संपलं त्या दिवशी मी बाबांना म्हटलं, मी म्हणेन, मला पाठ आहे.

“शहरातल्या प्रार्थनाघरात दहात मुली मोजत नाहीत,” बाबा म्हणाले. “म्हणूही देत नाहीत. मी म्हणेन. तुझ्या वतीने.”

मी माझी वस्तू त्यांच्या हातात दिली. दर सोमवारी आणि गुरुवारी शहरातली माणसं सकाळच्या प्रार्थनेला जमतात. बाबा पावणेसहाच्या पहिल्या बसने जायचे, नऊपर्यंत परत. आदल्या संध्याकाळी मी त्यांची प्रार्थनेची शाल आणि टोपी मखमली पिशवीत घालून ठेवायचे. शाल मी घडी मोडून बघायचे आणि पुन्हा त्याच घडीवर घालायचे. परत आले की विचारायचे, “म्हटली?”

“म्हटली.”

“दहा झाले?”

आणि मग ते सांगायचे. नऊ झाले होते, सगळे खिडकीतून बघत होते, आणि दातांचा डॉक्टर नेहमीसारखा उशिरा, एका पायात मोजा नाही, धापा टाकत आला. पुढच्या गुरुवारी डॉक्टरने टोपी उलटी घातली होती. त्याच्या पुढच्या सोमवारी त्याच्या पेशंटने जिन्यातच तोंड उघडून दाढ दाखवली. मी त्या डॉक्टरवर जीव टाकायचे. हा वेंधळा माणूस आला नसता तर आईची प्रार्थना राहिली असती. मी देवाकडे आईसाठी काही मागून झालं की डॉक्टरसाठीही मागायचे. त्याला निदान घड्याळ दे म्हणून.

तर मंगळवार. बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘ज्यू लोकांची देवाबद्दलची श्रद्धा’. बेचाळीस पोरांतल्या एक्केचाळीस माना माझ्याकडे वळल्या. मी वेणी पुढे घेतली आणि ताठ बसले.

तास छान चालला होता, खोटं कशाला बोलू? देव एक, रूप नाही, चित्र नाही. मागच्या बाकावरचा रेडिओ, म्हणजे वर्गातला अखंड बडबड्या, त्याने विचारलं, “बाई, मग भिंतीवर काय लावतात?”

“काही नाही.”

“म्हणून तिच्या बाबांच्या दुकानात नुसत्या रिकाम्या फ्रेमा असतात!”

वर्ग हसला, मीही हसले. नावाचं झालं, आजी-आजोबांचा विनोद बाईंनी स्वतःचा म्हणून खपवला. घासाघीस झाली. पोरं ओरडून आकडे सांगू लागली, वीस! दहा! बाईंनी हात वर केला. आवाज खाली आणला. तो आवाज मला ओळखता येतो आता. माणूस दुसऱ्याची वस्तू स्वतःच्या ताटात वाढून घेताना तसा बोलतो.

“मुलांनो, हे फार जुन्या काळातलं झालं. पण देवाशी असलेलं हे भांडण आजही जिवंत आहे. आपल्याच गावात एक गृहस्थ आहेत. मी नाव घेणार नाही.”

वर्गातल्या बाकांचा कुरकुर आवाज थांबला.

“त्यांची पत्नी गेली. ज्यू लोकांत गेलेल्या माणसासाठी एक प्रार्थना म्हणतात. आणि गंमत बघा, त्या प्रार्थनेत मृत्यू हा शब्द नाही. गेलेल्याचं नाव नाही. दुःखाचं अक्षर नाही. फक्त देवाची स्तुती. देव थोर, देव महान, एवढंच. हे गृहस्थ शहरात जातात. पण प्रार्थनाघरात जात नाहीत. ते बसस्टँडच्या बाकावर बसतात. आठ महिने, आठवड्यातून दोनदा. ज्याने माझी बायको नेली त्याला थोर म्हणायला माझी जीभ वळत नाही, असं ते म्हणतात. चहा पितात आणि परतीच्या बसने घरी येतात. पण देव नाही असं एकदाही म्हणत नाहीत! हीच ती श्रद्धा, मुलांनो. रागावण्याइतकी जवळची.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणी खोकलं नाही. रेडिओसुद्धा गप्प. एक्केचाळीस माना पुन्हा वळल्या. गावात काचवाला एक, ज्यू एक, बायको गेलेला ज्यू तर एकच एक. नाव घेणार नाही म्हणे!

माझ्या शेजारी बसणारी टाचणी, काडीसारखी म्हणून टाचणी, तिने बाकाखाली माझा हात धरला. मी तो झटकला. मला तेव्हा बापाच्या दुःखाचं काही वाटलं नाही. मला एवढंच ऐकू आलं, बसस्टँड. बाक. चहा. आठ महिने. माझ्या डोक्यात दातांचा डॉक्टर जिना चढत होता आणि वर काही नव्हतं. ना खोली, ना माणसं, ना आईसाठी एक आमेन.

तास संपता संपता बाईंनी गृहपाठ दिला. ‘ज्यू लोक देवाशी भांडू शकतात का? एका उदाहरणासह दहा ओळी लिहा.’

मी व्हरांड्यात त्यांना गाठलं.

“बाई, तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“अगं, तुझ्या बाबांनीच. किती मोठा माणूस आहे तो! तू अभिमान बाळगायला हवास.”

“मला माहीत नव्हतं.”

त्यांचा हात तोंडावर गेला. क्षणभर खरंच घाबरल्या. मग काय म्हणाल्या? “पण मी नाव कुठे घेतलं गं?” आणि लगेच, जरा दुखावल्यासारख्या, “सातवी ‘ब’मध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.”

हेच. एका तासाच्या शांततेसाठी. विश्वासाने मान ठेवलेल्या माणसाचा केसाने गळा कापायचा, आणि वर म्हणायचं, रक्त किती लाल होतं, वर्ग भारावून गेला.

मी दप्तरासकट दुकानात गेले. बाबा एका आरशाची कड घासत होते. पाण्याचा हात, घासायचा दगड, पुन्हा पाणी.

“काल म्हटली?” मी विचारलं. काल सोमवार होता.

“म्हटली की.”

“दहा कोण होतं?”

“डॉक्टर, आणखी कोण? काल तर गंमतच...”

“त्याच्या कुठल्या पायात मोजा नव्हता? की काल चहाबरोबर बिस्किटंही घेतली?”

दगड थांबला. आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. खरा चेहरा खाली होता.

“बाई बोलल्या वाटतं.”

“बेचाळीस जणांसमोर बोलल्या. तू मला एकटीला नाही सांगू शकलास!”

तोवर मी बाबांना ‘तुम्ही’ म्हणत होते. आमच्या घरात तशी रीत होती. ‘तू’ तोंडातून निघालं आणि मग ते परत गेलं नाही.

“एकदा गेलो होतो,” तो म्हणाला. “पहिल्या सोमवारी. उभा राहिलो. पहिलाच शब्द, ‘थोर होवो’... पाच महिने ती मशीनला जोडलेली. पाच महिने मी त्याच्याशी घासाघीस केली. एक किडनी राहू दे. अर्धी राहू दे. एक वर्ष दे. एक उन्हाळा दे. तो पूर्वजाला दरवेळी हो म्हणाला. मला एकदाही म्हणाला नाही. आणि मी उभा राहून त्याला म्हणू, थोर आहेस?”

“मग म्हणू नकोस! मला सांगायचं होतंस!”

“तू पिशवी भरून ठेवायचीस. शालीची घडी घालून. मी कोणत्या तोंडाने सांगू?”

“ज्या तोंडाने बाईंना सांगितलंस त्या!”

त्याने दगड पाण्यात टाकला. माणूस परक्यापुढे मन मोकळं करतो, कारण परक्याला घडी घालून ठेवायची नसते. हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की माझी वस्तू घेऊन गेलेला माणूस ती वाटेत फेकून देत होता आणि घरी येऊन तिच्या गमती सांगत होता.

“आणि बाईंना वाटतं तू देवाशी भांडतोयस,” मी म्हणाले. “भांडायला समोर जावं लागतं. तू स्टँडवर बसतोस. शाळा बुडवणारी पोरं बसतात तिथे.”

तो आरसा मी फोडला नाही. फोडायला हवा होता असं पुष्कळदा वाटतं.

बुधवारी गृहपाठाच्या वह्या गोळा केल्या. मी वर्गाची मॉनिटर, त्यामुळे गठ्ठा मीच शिक्षकांच्या खोलीत न्यायचा. जिन्याखाली बसून मी सगळ्या वाचल्या. चाळीस वह्यांत माझा बाप. एकाने लिहिलं होतं, ‘सदर गृहस्थ बसस्टँडवर बसून देवाला त्रास देतात.’ एकीने लिहिलं होतं, ‘माझ्या मते चूक दोघांची आहे, दोघांनी सामोपचाराने घ्यावे.’ रेडिओने लिहिलं होतं, ‘गृहस्थांचे नाव सांगता येत नाही, परंतु आमच्या स्वयंपाकघराची काच त्यांनीच बसवली आहे व ती हलते.’ मला हसू आलं, आणि हसू आल्याचा इतका राग आला की मी वही भिंतीवर आपटली. टाचणीच्या वहीत फक्त प्रश्न होता. खाली दहा रिकाम्या ओळी. ती कधी गृहपाठ विसरत नाही. जन्मात नाही.

बाईंनी त्या चाळीस वह्यांवर काय शेरे मारले ते मी बघितलं नाही. गठ्ठा टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, “बस ना जरा.” मी म्हणाले, “घंटा झाली.” झाली नव्हती.

अकरातले तीन महिने उरले होते. आठ गेले ते गेले, ते परत मिळणार नव्हते. गुरुवारी पहाटे मी पिशवी उचलली आणि तो उठायच्या आत घराबाहेर पडले.

कंडक्टरने तिकीट देताना विचारलं, “काचवाल्यांची ना तू? आज ते नाहीत? रोजच्या बाकावर बसतात बिचारे, पेपर वाचत.” म्हणजे कंडक्टरलाही माहीत होतं. एक मी सोडून सगळ्या जगाला.

प्रार्थनाघर एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना खरा होता, तेवढं तरी त्याने खरं सांगितलं होतं. आत लांब बाकं, मधे उंच मेज, समोर पडदा लावलेलं लाकडी कपाट, त्यात आमच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. भिंती कोऱ्या. कंबरेला चाव्यांचा जुडगा लावलेले एक आजोबा दिवे लावत होते. आणखी आठ माणसं इकडेतिकडे पसरलेली, बहुतेक म्हातारी.

“दातांचे डॉक्टर आलेत का?” मी विचारलं. माहीत असूनही विचारलं. मला ते नाहीच हे कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

“दातांचे?” खिडकीजवळचा शिंपी म्हणाला. गळ्यात अजून टेप होती, म्हणून कळलं शिंपी. “पोरी, आमच्यात निम्म्यांना दातच नाहीत. इथला डॉक्टर उपाशी मेला असता.”

मी सांगितलं मी कोणाची, कशाला आले. चावीवाल्या आजोबांनी डोळे बारीक केले. “काचवाला? एकदा आला होता. उभा राहिला, आणि पाणी प्यायला म्हणून गेला तो गेलाच. आम्हाला वाटलं, गावात दहा जमले असतील.”

आमच्यात माणसं सरळ मोजत नाहीत. मोजलं की दृष्ट लागते म्हणतात. म्हणून मोजताना नाही म्हणत मोजायचं. आजोबांनी बोट फिरवलं, “एक नव्हे, दोन नव्हे, तीन नव्हे...” आठवर शिंपी आला. “नऊ नव्हे,” ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले. बोट माझ्यावरून पुढे गेलं आणि खाली आलं. मला ‘नव्हे’ म्हणूनसुद्धा मोजलं नाही.

“दहावा नाही. थांबू थोडं.”

पंधरा मिनिटं थांबलो. शिंपी खिडकीतून रस्ता बघत होता. एक जण जांभई देऊन म्हणाला, दहा झाले नाहीत तर कद्दिशशिवाय उरकू. मी मखमली पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. इतकी लांब येऊन मी आईला पुन्हा रिकाम्या हाताने परत पाठवणार होते.

जिन्यावर पावलं वाजली. तो आला. दुसऱ्या बसने आला असणार. टोपी माझ्याकडच्या पिशवीत होती, म्हणून त्याने दारात उभं राहून खिशातला रुमाल डोक्याला बांधला. त्या रुमालाने तो काचा पुसायचा. माझ्याकडे न बघता शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

“दहा नव्हे,” आजोबा म्हणाले आणि पुस्तक उघडलं.

प्रार्थना लांबलचक होती. गुंडाळी बाहेर काढली, वाचली, परत ठेवली. शेवटी आजोबा मागे वळले. “काचवाले. उभे राहा.”

तो हलला नाही. हात मांडीवर, ओठ बंद. सगळे बघत होते. परवा वर्ग बघत होता, आज हे. मी दोन श्वास त्याची वाट पाहिली, खरंच दोन. आठ महिने फसवलंस, निदान आता तरी उठ. तो उठला नाही.

मी उठले.

“मुलीने म्हणायची पद्धत नाही इथे,” पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

“मग कोणी म्हणायची?” शिंपी म्हणाला. “बाप तोंड शिवून बसलाय. शिवण उसवायला मी कात्री नाही आणलेली.”

“पद्धत ती पद्धत.”

आजोबांनी घड्याळ बघितलं. “म्हण पोरी, पण लवकर म्हण. मला रक्त तपासायला जायचंय, काल संध्याकाळपासून उपाशी आहे मी.”

मी म्हटली. कपाटाच्या पडद्याकडे तोंड करून. स्तुतीवर स्तुती, त्यावर आणखी स्तुती, इतकी की मधे श्वास घ्यायला जागा नाही. मधे आई कुठेच नव्हती. तिचं आजारपण नव्हतं, तिचे सुजलेले पाय नव्हते. तो पहिल्या शब्दाला का अडकला ते मला दुसऱ्या ओळीत समजलं. समजलं म्हणून माफ करावं, असं कुठल्याही करारात लिहिलेलं नाही. मी रागाने म्हटली. थोर आहेस ना? मग ऐक. जोरात म्हणते, ऐक.

माझ्या प्रत्येक थांब्यावर ते ‘आमेन’ म्हणत होते. आजोबांचा किनरा, शिंप्याचा भरदार, बाकीच्यांचे पुटपुटणारे. मी कान मागच्या बाकाकडे लावले होते. एकदा, दोनदा, शेवटी. तिथून आवाज आला नाही.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. अर्धा रस्ता गेला.

“तिसऱ्या ओळीत एक शब्द राहिला तुझा,” तो म्हणाला.

“मग तिथेच सांगायचं होतंस.”

“तोंड उघडावं लागलं असतं.”

मी खिडकीकडे सरकले. पिशवी त्याच्या मांडीवर टाकली नाही, स्वतःजवळच ठेवली. तो शब्द कोणता, हे मी विचारलं नाही. रविवारी संध्याकाळी पुस्तकात बघून काढता येणार होता, किंवा शिंप्याला विचारता येणार होता. पण सोमवारी पुन्हा यायचं होतं, आणि तिथे माणसं नऊच होती. ज्याने माझा घात केला, त्याच्याशिवाय माझे दहा होत नव्हते.

“सोमवारी रुमाल धुतलेला आण,” मी म्हणाले.